हळदीखालचा पट्टा

मित्रांनो, माझ्या अंगावर हळदीचा एक डाग आहे. काही केल्या जात नाही. मी सांगवीच्या हौशी गाईसाठी आणलेला पट्टा, आता म्हातारा झालेला. पोटात गाईचा रवंथ आणि ऊठबस मोजणारं यंत्र, कपाळावर नखाएवढी काळी काच. काचेवर ऊन पडलं की माझं पोट भरायचं.

मी येण्याच्या आदल्या साली हौशीचं वासरू विताना अडलं. घरातली सगळी ऊसलागणीला गेलेली, कुणाला कळलंच नाही. वासरू गेलं. हौशीच्या मालकीण धोंडाबाईंना घास गोड लागेना. म्हणून त्यांच्या सुनेनं, रोहिणीनं, मला आणलं. हौशीला कळा सुरू झाल्या की रोहिणीच्या फोनवर सांगावा धाडायचा, एवढंच माझं काम.

नवी वस्तू घरात आली की पूजा होणारच. धोंडाबाईंनी माझ्या काचेवर हळदीचं बोट ओढलं, वर कुंकू. मी फुगलो. मग दर शुक्रवारी जुन्या थरावर नवा थर. ऊन मिळेनासं झालं.

तरी माझी ऐट जाईना. हौशीनं कान हलवला, धाड सांगावा. माशी हाकलली, धाड सांगावा. बघायला घोटभर ताकद लागते मित्रांनो, पण सांगायला घागरभर. हे उमगलं तेव्हा तळाला जेमतेम एक सांगावा उरला होता. मी तोंड मिटलं.

आणि गप्प बसल्यावर काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! हौशीच्या पोटात गळीत सुरू झालेल्या साखर कारखान्यासारखी घरघर, आणि तिच्या आडून एक इवलं काळीज, चिमणीनं दाणे टिपावेत तसं. थाप वाटेल, पण ऐकलं खरं. पेंढीभर कडब्यावर ही माउली दोन जीव चालवत होती, आणि मला काजव्याएवढा दिवा जपता येईना!

पुन्हा लागणीचे दिवस आले. भर दुपारी गोठ्यात कुणी नव्हतं. हौशी उठली, बसली, पुन्हा उठली. बोलू का थांबू? चुकलं तर दुसऱ्यांदा बोलायला काही उरणार नव्हतं. मग ती कण्हली. होतं नव्हतं ते ओतून मी सांगावा धाडला आणि विझलो.

पुढचं मला हौशीनं सांगितलं. धोंडाबाई चिखलाच्या पायांनी सरीतून धावत आल्या. रोहिणीनं डॉक्टरांना बोलावलं. वासराचा पाय आत मुडपला होता, तो त्यांनी सरळ केला. कालवड झाली, जिवंत.

रोहिणीनं नखानं माझी काच खरवडली. "आत्याबाई, ह्यो उन्हावर जगतोय. तुमी त्याचं तोंडच लिपलंय की."

धोंडाबाईंनी हळदीनं पिवळं झालेलं आपलं बोट पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग कुंकू लावायचं कुठं?"

"पट्ट्याला लावा. काचंला न्हाय."

त्यांनी ओल्या पदरानं काच पुसली. ऊन आत शिरलं, मी जागा झालो, तर समोर ओली कालवड चार काटक्यांवर उभी राहू बघत होती.

आज ती कालवड गाय झाली आहे आणि मी तिच्या गळ्यात आहे. धोंडाबाई रोज आधी काच पुसतात, मग पट्ट्याला बोट लावतात. मित्रांनो, माया जरूर करा. फक्त ती करताना कुणाचं ऊन अडवू नका.