वापराची खूण

“एकही खूण नाही,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. दातांत छोटा टॉर्च धरलेला होता, त्यामुळे शब्द चेपून आले. टॉर्च हातात घेऊन त्यांनी पुन्हा सांगितलं, “काका, एकही खूण नाही या गिटारवर.”

“अजून एकदा बघा.”

“दोनदा बघितलं की.”

“इथं, वरच्या टोकाला बघा. पहिल्या तीन पट्ट्यांपाशी. नवीन शिकणाऱ्याची बोटं तिथंच पडतात ना?”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस आखूड कापलेले, अंगात दोन खिशांचा मळका एप्रन. “तुम्ही वाजवता?”

“नाही. माहिती काढून आलोय.”

“बाबा,” शेजारच्या स्टुलावरून मुलगी म्हणाली, “त्यांना त्यांचं काम करू द्या ना. इथं तरी साहेब होऊ नका.”

वजनमापे खात्यात मी तेहेतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे. मुलीचा टोमणा त्यावर होता. नवा म्हणून समोर ठेवलेला काटा खरंच नवा आहे की घासूनपुसून आणलाय, हे मी त्याच्या मधल्या धारेवरून बोट फिरवून सांगायचो. वापरलेली वस्तू लपत नाही. जिथं भार पडतो तिथं ती झिजतेच. घरी मी या गिटारवर भिंग घेऊन तीन दिवस बसलो होतो आणि मला काही सापडलं नव्हतं. पण माझी नजर काट्यांवर तयार झालेली. वाटलं, यातल्या जाणकाराला सापडेल.

गिटार माझ्या बायकोची. तिला जाऊन सात महिने झाले. मुलीचं म्हणणं, कपाटावर पडून राहण्यापेक्षा निदान तिची किंमत तरी कळू दे. दुकानही तिनंच शोधलं. मी लगेच हो म्हटलं, याचं तिला नवल वाटलं होतं.

लग्नाआधी बायको एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती आणि बायकांच्या हॉस्टेलात राहायची. हॉस्टेलच्या खाली वाद्यांचं दुकान होतं. तिथं काचेमागे ही टांगलेली असायची, फिकट निळी इलेक्ट्रिक गिटार. दोन वर्षं तिनं येता-जाता बघितली आणि लग्नाला दोन महिने असताना घेऊन टाकली. हॉस्टेलात असलं काही वाजवायला बंदी होती. “आपल्या घरी शिकेन,” असं ती मला म्हणाली होती. मी म्हटलं होतं, “जरूर शीक.”

लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी, घरी माझे दोघे भाऊ, वहिन्या आणि खात्यातले दोन मित्र आले होते. कुणीतरी विषय काढला म्हणून तिनं गिटारची पेटी बाहेर आणून उघडली. सगळे भोवती जमले.

“अगं बाई! हे वाजवणार कोण?” थोरल्या वहिनीनं विचारलं.

“मी,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारपासून सर येणार आहेत शिकवायला.”

आता, आमच्या दाराची बेल ती फार हळू दाबायची. जेमतेम बोट टेकवायची. आत कुणाला ऐकूच जायचं नाही, आणि ही आपली पिशवी घेऊन बाहेर उभी. मला त्या क्षणी तेवढंच सुचलं. मी म्हटलं, “हिला दाराची बेल धड वाजवता येत नाही, ही गिटार वाजवणार!”

सगळे खो खो हसले. धाकटा भाऊ तर हसता हसता जमिनीवर बसला. तीही हसली. मग सगळ्यांना पाणी दिलं आणि पेटी आत नेऊन ठेवली. पुढच्या रविवारी सर आले नाहीत. ते का आले नाहीत असं मी विचारल्यावर म्हणाली, “मीच नको म्हणून सांगितलं. कुठं एवढा वेळ आहे?”

त्या काळी मी गमतीदार माणूस म्हणून ओळखला जायचो.

पुढं मी तीन-चारदा म्हटलं असेल, “काढ की ती, वाजव.” तिचं उत्तर ठरलेलं, “राहू द्या हो, चांगली आहे तशी.” दर दोन महिन्यांनी पेटी उघडायची, मऊ फडक्यानं सगळीकडून पुसायची, पुन्हा बंद. मी महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असायचो. मुलगी शाळेत. बायकोची इस्पितळातली ड्यूटी सकाळची, त्यामुळे दुपारी ती घरी एकटीच. मी मनाशी असं धरून चाललो होतो की त्या दुपारी ती वाजवत असणार. रोज नाही, पण कधीतरी. तेहेतीस वर्षांतल्या एवढ्या दुपारी. माझ्यापासून लपवून का होईना.

शेवटच्या आजारपणात, कधी वाजवलीस का, असं एकदा विचारायचं ठरवून मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली. ती म्हणाली, “अहो, जरा खिडकी लावा, डोळ्यावर ऊन येतंय.” मी उठून खिडकी लावली. परत येऊन बसलो आणि दुसरंच काहीतरी बोललो.

“एखादा ओरखडा?” मी बाईंना विचारलं. “मागच्या बाजूला? कमरेचा पट्टा वगैरे लागतो म्हणतात.”

बाई हसल्या. “काका, गंमत आहे तुमची. लोक माझ्याकडे भांड्यासारखी घासलेली गिटार आणतात आणि शपथेवर सांगतात, हात लावला नाही. तुम्ही हात न लावलेली आणलीत आणि दोष काढा म्हणताय. मला किंमत वाढवून सांगायला लावायचा हा काही नवा डाव आहे का?”

“नाही. तुम्ही कमी सांगा.”

“बाबा!” मुलगी म्हणाली.

बाईंनी टेबलावरचा दिवा खाली ओढला. “हे बघा. हे पातळ प्लास्टिक दिसतंय? नव्या फ्रीजच्या दारावर असतं तसलं. वाजवणारा माणूस पहिल्या दिवशी हे ओढून काढतो. हे तसंच आहे. तारा कारखान्यातल्याच. आणि आता या आडव्या पट्ट्यांवरून बोट फिरवा. वाजवताना तार यांच्यावर दाबली जाते. तिथं धातूत बारीक खळगा पडतो. फिरवा.”

मी फिरवलं. एकेक पट्टी, खालून वर. सगळ्या सारख्या. नव्या धारेवरून फिरवल्यासारखं.

“पुसून पुसून खूण गेली असेल,” मी म्हटलं. “ती फार पुसायची.”

“पुसल्यानं चकाकी येते काका. खळगा भरत नाही.”

हे मलाही माहीत होतं. काटेवाल्यांना मी स्वतः कितीदा सांगितलं होतं.

“आता आतलं बघू, जिवंत आहे का,” म्हणत बाईंनी एक केबल आणली. तिचं एक टोक गिटारमध्ये आणि दुसरं जमिनीवरच्या अँप्लिफायरमध्ये खुपसलं. दिवा लागला, घूं असा आवाज सुरू झाला.

“वाजवणार?” मी विचारलं.

“छे हो! एवढ्या जुन्या तारा, ताण दिला तर तुटतील. त्या गेल्या की किंमतही गेली.” त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तारांच्या खाली बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर टेकवला. अँप्लिफायरमधून जाड आवाज आला. खट्. मग दुसऱ्या तुकड्यावर. खट्. तिसऱ्या. खट्. “उत्तम,” त्या म्हणाल्या आणि बटण बंद केलं.

“झालं? एवढंच?” मुलीनं विचारलं.

“एवढंच.”

बाईंनी कागदावर एक आकडा लिहून आमच्याकडे फिरवला. मुलीनं तो दोनदा वाचला आणि माझ्या हातावर हात ठेवला. “बाबा, एवढी?”

“वाजवलेली असती तर किती?” मी विचारलं.

“वाजवलेली? याच्या पाव. तेही नशीब असलं तर. असल्या गिटार जगात पुष्कळ आहेत. न वाजवलेली मिळत नाही. जे घेतात ते वाजवायलाच घेतात ना.”

मी आकड्याकडे बघत राहिलो. त्यातला पाऊण हिस्सा माझ्या त्या एका वाक्याचा होता.

बाईंनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. “न वाजवलेली आहे असा दाखला आम्ही देतो, त्यासोबत हा लागतो. कधी घेतली, कुठं ठेवली, कशी ठेवली, आणि हे शेवटचं, का वाजवली गेली नाही. तुमच्या हस्ताक्षरात लिहा. घेणारा पहिल्यांदा हेच वाचतो, नाहीतर त्याला वाटतं आम्हीच नवे भाग घालून सजवलीय.”

पहिली तीन उत्तरं मी भराभर लिहिली. चौथ्यापाशी पेन थांबलं.

“वेळ मिळाला नाही, असं लिहा,” मुलगी म्हणाली. “आई तेच म्हणायची.”

“बहुतेक तेच लिहितात,” बाई म्हणाल्या. “नाहीतर ‘घरगुती कारण’ लिहा. चालतं.”

तेहेतीस वर्षं मी तपासणीचे शेरे लिहिले. जे आढळलं ते लिहायचं, कमी नाही, जास्त नाही. मी लिहिलं: “पत्नीने शिकण्यासाठी घेतली होती. शिकवणारेही ठरले होते. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मी चारचौघांत तिची चेष्टा केली. सगळे हसले. त्यानंतर तिने वाजवली नाही.” खाली सही केली आणि तारीख घातली.

मुलीनं कागद ओढून घेतला. वाचला. दुकानात मागे कुणीतरी लाकूड घासत होतं.

“काय म्हणाला होतात?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. बेलचं.

तिला हसू आलं नाही. “आई खरंच तशीच बेल दाबायची,” ती म्हणाली. थोड्या वेळानं, “मला कधी बोलली नाही ती.”

“मलाही नाही.”

“एकदा सॉरी तरी म्हणायचं होतं बाबा.”

“हो,” मी म्हटलं. “म्हणायचं होतं.”

तिनं कागद परत माझ्यासमोर ठेवला. सरळ करून ठेवला, कडा टेबलाच्या कडेला लावून. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“काका, वाईट वाटून घेऊ नका, पण धंद्याचं खरं सांगते. असं काही लिहिलेलं असलं की घेणारा जास्तच देतो.”

“मग तेवढं वजा करा,” मी म्हटलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. “विकायची आहे ना पण?”

“ते हिनं ठरवायचं,” मी म्हटलं. “मी नाही ठरवणार.”

“आज फक्त दाखला द्या,” मुलगी म्हणाली.

“बरं. मग एकच ओळ राहिली.” बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. “मूळ मालक, खरेदीच्या वेळचा. इथं तुमचंच नाव टाका, सगळं एका नावावर बरं पडतं.”

मी पेन उचललं. खरेदीच्या वेळी ती अजून माझी बायको नव्हती. पगार तिचा होता, काचेसमोर दोन वर्षं ती उभी राहिली होती. मी तिचं नाव लिहिलं, मग तिच्या वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. सावकाश, सुटी अक्षरं काढून. एवढ्या वर्षांत ते नाव माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिलं जात होतं, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत मला भीती होती की काहीतरी चुकेल.

बाईंनी कागद घेऊन नाव मोठ्यानं वाचलं. मुलीनं मान वर केली.

“या कोण?” बाईंनी विचारलं.

“गिटार त्यांची आहे,” मी म्हटलं.