खडूची हजेरी

सोमवारी सकाळी मनकर्णाबाईंनी पिंजरा तिसरीच्या वर्गाच्या उंबऱ्यावर ठेवला, तेव्हाच तात्यासाहेबांना वाटलं, हा ससा आपला नव्हे. पण त्यांना आयुष्यभर बरंच काही वाटत आलं होतं आणि त्यातलं निम्मंअधिक चुकलं होतं. म्हणून त्यांनी आधी चष्मा पुसला.

"मनकर्णाबाई, खडूच्या कानावर करडा ठिपका होता ना?"

"कसला ठिपका, गुरुजी? मळ व्हता त्यो. ओल्या फडक्यानं पुसला. दोन महिने तुमी कुणी कान पुसला नाय त्याचा."

तात्यासाहेब वरमले. कान पुसायचे असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अन् खातो लई चवीनं. कोथिंबिरीची अख्खी जुडी फस्त केली."

"पण इथं तर तो कोथिंबिरीकडं ढुंकूनही बघत नाही."

"शाळंत पोरं तरी कुठं नीट जेवतात? डबा तसाच वापस येतो, घरी आले की पातेलं पुसून खातात." मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "येते. कुकर लावून आले मी."

त्या इतक्या लगबगीनं गेल्या की नात मेघा मागेच राहिली, दाराला टेकून. तात्यासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं चपलेच्या पट्ट्याकडं पाहिलं.

निवृत्त माणसाला कंत्राटावर पुन्हा वर्ग मिळाला, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या या शाळेत ससा पाळायची कल्पना तात्यासाहेबांनीच घाबरत घाबरत मांडली होती. मुख्याध्यापिका संध्याबाईंनी परवानगी दिली ती अटीवर. सशाला काही कमीजास्त झालं, तर त्याच दिवशी पिंजरा वर्गाबाहेर. शनिवार-रविवार सशानं आळीपाळीनं मुलांच्या घरी राहायचं. मुलांनी त्याचं नाव खडू ठेवलं आणि हजेरीपटातही शेवटी पेन्सिलीनं घालून घेतलं. नाव पुकारलं की त्याच्या वतीनं कुणीतरी "हजर" म्हणायचं.

ते कुणीतरी म्हणजे मेघा. दोन वर्षं शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. स्वतःच्या नावाला ती नुसता हात वर करायची. आणि एके दिवशी खडूचं नाव आल्यावर मागच्या बाकावरून बारीकसा आवाज आला, "हजर." तेव्हापासून रोज एवढाच एक शब्द.

आता तात्यासाहेबांपुढं पेच पडला. हा ससा खडू नाही म्हणावं, तर मेघाच्या घरच्यांवर आळ येणार, पिंजरा जाणार आणि त्यामागोमाग तो शब्दही. खडूच आहे म्हणावं, तर एकतीस पोरांपुढं खोटं बोलल्यासारखं. आणि मुळात ठिपका होता का? दोन महिने रोज पाहिलेला तो ठिपका आता डोळे मिटले की एकदा डाव्या कानावर दिसे, एकदा उजव्या. सशाचा डावा की बघणाऱ्याचा डावा, हाही प्रश्न होताच.

"सर, खडू जाड झालाय," शिवराज पिंजऱ्यात डोकावत म्हणाला.

"मामाकडून आल्यावर तूपण झाला होतास," यास्मिन म्हणाली.

तात्यासाहेबांना दोघांचंही पटलं. त्यांनी हजेरी सुरू केली, आणि मुद्दाम सावकाश. मेघाचं नाव आलं, हात वर झाला. एकतीस नावं संपली.

"खडू," ते म्हणाले. आवाज नको तेवढा हळू निघाला.

पिंजऱ्यातला ससा कोथिंबीर चावत होता. मेघा मागच्या बाकावरून पिंजऱ्याकडं बघत होती. गेला शब्द, तात्यासाहेबांना वाटलं.

"गैरहजर," मेघा म्हणाली.

सगळी पोरं मागं वळली. तात्यासाहेबांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "का गं?"

"तो दिवाणाखाली बसलाय. कालपासून. आजीचा हात पुरत नाही, आणि झाडू घातला की चावतो." तिनं श्वास घेतला. "हा शेजारच्या फारूख चाचांचा आहे. आजी म्हणाली, सर ओरडतील. संध्याकाळी वापस द्यायचाय."

इतकी वाक्यं. तात्यासाहेबांना आनंद करावा की चिंता, ते उमगेना. तेवढ्यात खिचडीसाठी हजेरीचा आकडा विचारायला संध्याबाई दारात आल्या.

"सर, हजर किती? आणि ससा आला ना नीट?"

तात्यासाहेबांनी पटाकडं पाहिलं, पिंजऱ्याकडं पाहिलं. एक जण पटावर होता पण वर्गात नव्हता. एक जण वर्गात होता पण पटावर नव्हता.

"आला... म्हणजे एक आला," ते म्हणाले. "मलाच नीटसं कळलेलं नाही, बाई. तुम्ही मेघाला विचारा."

"मेघाला?" संध्याबाईंनी भुवया चढवल्या. मग त्या आत आल्या आणि पहिल्या बाकाच्या कडेला बसल्या. "हं. सांग बरं."

मेघानं एकदा सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली, हो म्हणून की माहीत नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आमच्या घरी एक दिवाण आहे," मेघानं पहिल्यापासून सुरुवात केली.