ओढ्यावरची हरिणी

"हलू नकोस," कॉलिन कुजबुजले. "समोरच्या उतारावर. दिसला?"

विनयाला दिसला. दरीपलीकडच्या गवतात मान उंचावून नर उभा होता, शिंगांवर सकाळचं ऊन. २००७ सालचा एप्रिल, न्यूझीलंडच्या हरणांचा माजाचा महिना. त्याची हाक दरीत घुमली तशी ती शहारली. कॉलिननी पालथं पडून बंदूक खांद्याला लावली. त्र्याहत्तर वर्षांचे होते ते. पुढच्या वर्षीपासून डोंगर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटचा हंगाम, आणि चार दिवसांत दिसलेला हा पहिलाच नर.

विनया सुर्वे हॅमिल्टनमधल्या एका फार्मसीत काम करायची. कॉलिन तिचे शेजारी, जन्मभर गाई राखलेले. रत्नागिरीत वाढलेली विनया लहानपणापासून मटण खात आली होती, पण जनावर मरताना तिने कधी पाहिलं नव्हतं. शिकारीला जाते म्हटल्यावर नवरा, गुरुदत्त, हसला होता.

"अगं, सुपरमार्केटात पाकिटात मिळतं की!"

"म्हणूनच जातेय," ती म्हणाली होती.

वर्षभर कॉलिननी तिला याच बंदुकीवर नेम शिकवला, परवाना काढायला लावला. जिवंत प्राण्यावर मात्र तिने अजून गोळी झाडली नव्हती.

तेवढ्यात खाली ओढ्याशी काहीतरी हललं. विनयाने दुर्बीण तिकडे वळवली. एक हरिणी पाण्यात तोंड घालून उभी होती. पाणी पीत नव्हती. तिला पिताच येत नव्हतं. खालचा जबडा फुटून लोंबत होता, आणि बरगड्या मोजता येत होत्या.

"कॉलिन, ती बघा."

त्यांनी दुर्बीण घेऊन खाली पाहिलं.

"कुणीतरी डोक्यावर नेम धरला," ते म्हणाले. "चुकला, आणि तो माणूस तिच्या मागावर गेलाच नाही. तीनचार दिवस झाले असतील."

पलीकडे नराने पुन्हा हाक दिली. खाली गोळी झाडली की तो नाहीसा होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आधी तुमचा नर घ्या," विनया म्हणाली. "मग हिचं बघू."

"आवाजाने ही झाडीत शिरेल. मग सापडायची नाही." कॉलिननी बंदूक तिच्याकडे सरकवली. "तू मार."

"मी? नाही हो. तुम्ही—"

"माझा डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजवाही धूसर झालाय. नर हुकला असता तर हुकला असता. हिच्यावर पुन्हा नेम चुकता कामा नये."

विनयाने पालथं पडून बंदूक खांद्याला लावली. कॉलिननी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या पायाच्या जरा मागे. श्वास सोड. घाई नाही."

हरिणीने मान वर केली. विनयाने श्वास सोडला.

हरिणी जागच्या जागी कोसळली. दरी गरजली, आणि पलीकडचा उतार रिकामा झाला. कॉलिननी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

खाली पोचल्यावर त्यांनी काडीने तिच्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी लवली नाही. जखमेत अळ्या वळवळत होत्या. मांस खाण्याजोगं नव्हतंच. कॉलिननी टोपी काढली. विनया पाण्याकाठी बसून रडली, आणि रडू आवरायला त्यांनी तिला सांगितलं नाही.

"थँक यू, विनया," काही वेळाने ते म्हणाले.

"मीच तुमचे आभार मानायला हवेत."

"कशाबद्दल?"

आपल्याला जमणार नाही, हे त्यांनी किती सरळ सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या शिकाऱ्याने, शेवटच्या हंगामात, एका नवख्या बाईला. हे इंग्रजीत कसं सांगायचं, ते तिला सुचेना.

दोघांनी मिळून हरिणीला झाडीत ओढून नेलं, वर नेच्याची पानं पसरली. उतरणीला वाट निसरडी होती. पहिल्या वळणावर कॉलिननी हात पुढे केला. विनयाने तो धरला. थंड, खरखरीत, हलका हात. सपाटी आली तरी दोघांपैकी कुणीच तो सोडवून घेतला नाही.