गरम वाऱ्याची वाट

गोकुळदासशेटना कोरगावात कोणी सल्ला देत नसे. दिला तर ते ऐकून घेत आणि मग नेमकं उलटं करत. म्हणून वाचनालयाच्या लांबट हॉलमध्ये त्यांनी बायकोच्या, पार्वतीबाईंच्या, नावाने संगणक केंद्र उघडलं, तेव्हा टेबलं कशी लावायची हे कोणी सांगायला गेलं नाही. शेटनी भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, विद्येला बसायचं ते पूर्वेला तोंड करून. झालं! बारा-बारा मशीनच्या दोन रांगा लागल्या, एकीमागे एक, चोवीसही खुर्च्या पूर्वेकडे तोंड करून. समोरच्या भिंतीवर, उंच, पार्वतीबाईंचा मोठा फोटो. त्या जागी पूर्वी जाळीचा झरोका होता. फोटोमागे धूळ नको म्हणून शेटनी तो चिऱ्यांनी बुजवून घेतला होता.

केंद्रामागे कारण होतं. पार्वतीबाई अठरा वर्षांच्या असताना त्यांना शिक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं. परीक्षा म्हापशाला, जायला दोन बस, आणि बापाने एकटीला सोडलं नाही. ती परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे चाळीस वर्षं त्यांनी शेटांच्या दुकानात बसून पुड्यांचे कागदसुद्धा वाचून काढले. त्या गेल्यावर शेटनी मनाशी ठरवलं, की आता नोकरीच्या परीक्षा संगणकावर होतात ना, मग त्या कोरगावातच होतील. गावातली एकही मुलगी बसपायी मागे राहणार नाही.

आणि मे महिन्यात, परीक्षा-केंद्राच्या चाचणीच्या दिवशी, दीड तासात सात मशीनं पटापट बंद पडली.

तपासायला आलेला विशाल नावाचा अधिकारी पोरगेलासा, पण सरळ माणूस होता. "तापलं की मशीन आपणहून बंद होतं," तो म्हणाला. "आठ दिवसांनी परत येतो. तीन तास चोवीसच्या चोवीस चालली पाहिजेत. नाही तर परीक्षा-केंद्रांच्या यादीत म्हापसाच राहील."

शेटनी तिसरा एसी आणायचं फर्मान सोडलं. वायरमनने कपाळाला हात लावला. उन्हाळ्यात विजेचा दाब एवढा पडायचा, की होते ते दोन एसीच आळीपाळीने दम खात होते. शेट सगळ्यांवर खेकसले आणि शेवटी तोफ वळली दीपावर.

दीपा म्हणजे केरबा गवंड्याची मुलगी. केरबा कोल्हापूरकडून कामाला आला तो इथेच राहिला. दीपाने डिचोलीला आयटीआय केलं होतं आणि केंद्रात मशीनं बघायची तिची नोकरी होती. पण शेटांच्या लेखी ती कुलूप काढणारी आणि केर मारणारी पोर.

"काय करतंस गो तू दिवसभर? सात मशीनां मेली, तुका पत्तो नाय?"

"मेली न्हाईत काका. गुदमरली," दीपा म्हणाली. "आणि सातही पुढच्याच रांगेतली. मागच्या रांगेतलं एकबी न्हाई. तुम्ही बघितलंत?"

शेटनी बघितलं नव्हतं.

तिने फोटोसमोरच्या पुड्यातली एक उदबत्ती पेटवली आणि मागच्या रांगेतल्या एका मशीनच्या डब्यामागे धरली. धूर क्षणभर सरळ चढला आणि मग कोणी फुंकर मारावी तसा पूर्वेला वाकला, थेट पुढच्या रांगेकडे. पुढच्या डब्याच्या तोंडाशी तिने उदबत्ती नेली, तर धूर सुळकन आत गेला.

"मशीन तोंडानं, बसणाऱ्याच्या बाजूनं, गार वारं घेतं आणि पाठीनं गरम सोडतं," ती म्हणाली. "मागच्यानं सोडलेलं गरम पुढचं ओढतंय. एसी किती बी आणा, पुढच्याला उष्टंच वारं मिळणार. पुढची रांग उलटी फिरवू. पाठीला पाठ. सगळं गरम मधल्या बोळात पडंल. वर पत्र्याचं छप्पर धरायचं, चुलीवर धुराडं धरतात तसं, आणि तिथनं भायेर काढायचं."

शेट बघतच राहिले. हे एवढंसं, आणि आपल्या चोवीस मशीनांत इतके दिवस कोणाला दिसलं नव्हतं! पण कौतुक तोंडावाटे निघालं तर ते गोकुळदासशेट कसले.

"म्हणजे बारा पोरांनी मावळतीक तोंड करून परीक्षा देवची? शास्त्र काय सांगता, आसा खबर?"

दीपाने उदबत्ती विझवली. "काका, म्हापशाच्या केंद्रात तोंड कुठं असतं, ते कुणी बघितलंय?"

शेटनी सल्ला मानला. गावात तशी गोष्ट बऱ्याच वर्षांत घडली नव्हती.

"फिरव," ते म्हणाले.

दोन दिवसांत रांग फिरली. केरबाने पत्रा वाकवून बोळावर छप्पर बसवलं, दीपाने बोळाच्या दोन्ही टोकांना जाड प्लॅस्टिकचे पडदे सोडले. राहिला प्रश्न वारा बाहेर काढायचा.

"भायर खंयसून काडतलंस?" शेटनी विचारलं.

"बघू कुठनं तरी," दीपा खाली बघत म्हणाली. "दाराकडनं पाइप फिरवू."

दार पार दुसऱ्या टोकाला. तिथवर पाइप न्यायचा तर चार वळणं. शेटांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी फोटोसमोर उदबत्ती लावताना त्यांनी सहज वर पाहिलं. सगळी मशीनं चालू होती. धूर भिंतीला धरून वर चढला, पार्वतीबाईंच्या फोटोपाशी अडला आणि वाट न मिळाल्यामुळे तिथेच घुटमळत राहिला.

सरळ वाट तिथेच होती, फोटोमागच्या बुजवलेल्या झरोक्यातून. म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपल्याला लागेल म्हणून ती दाराचं खोटं सांगत होती. आणि आपण काय केलं? जिवंतपणी पार्वतीला कोणी वाट दिली नाही, आणि मेल्यावर आपण तिलाच वाटेत उभी केली.

ते स्टुलावर चढले आणि फोटो स्वतःच्या हातांनी उतरवला.

"केरबा," त्यांनी हाक मारली, "हयसरचे चिरे काड."

"काका, नको," दीपा पुढे झाली. "दुसरं काय तरी करू की."

"तू गप रव गो. शाणी आसंस तितकीच रव, ज्यास्त शाणी जाव नाका."

झरोका मोकळा झाला, छपरातला पाइप त्याला जोडला, त्यात पंखा बसला.

चाचणीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. चोवीस पोरं-पोरी बसली, निम्मी उगवतीला, निम्मी मावळतीला. विशालने घड्याळ लावलं. शेट काही आत थांबले नाहीत. दीपाला वाटलं, धीर सुटला म्हणून घरी गेले असतील. पहिला तास गेला. दुसऱ्या तासाला दाब पडला आणि एक एसी बंद झाला. दीपाने देवाचं नाव घेतलं. मशीनं मात्र चालत राहिली. तीन तास भरले तेव्हा विशालने चोवीसही मशीनं स्वतः फिरून बघितली, कागदावर सही केली आणि तिला विचारलं, "ही मांडणी कोणी शिकवली तुम्हाला?" "उदबत्तीच्या धुरानं," ती म्हणाली.

ती शेटना शोधत मागच्या अंगणात गेली. रणरणत्या उन्हात पेटीवर पेटी रचून शेट वर उभे होते, सदरा घामाने भिजलेला, एक हात बाहेरून झरोक्यातल्या पंख्याच्या तोंडाशी धरलेला.

"काका! कधीपासनं उभे हायसा?"

"सुरवातेपसून. हातार गरम येता, म्हणजे भितर थंड आसा. येयनासा झाला तर तुका सांगूक धावतलो आशिल्लो."

"झालं काका. चोवीसच्या चोवीस. यादीत कोरगाव आलं."

शेटनी हात काढला नाही. तळवा लालबुंद झाला होता.

"तिची एक परीक्षा रवलेली गो," ते म्हणाले. "आज तू दिलंस ती."