वेळकोंडच्या बायकांचा अर्ज

नसरुद्दीनला अमेरिकेतल्या लोकांचा राग आला तो चहावरून. सौदीतल्या दम्मामच्या बंदरात त्याची चौदा वर्षं माल सोडवण्यात गेली होती. कंटेनर उतरला, कागद फिरले, शिक्के बसले आणि माल गाडीवर चढला की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं. अशा माणसाला कोणी सांगावं की बॉस्टनच्या धक्क्यावर लोकांनी तीनशे बेचाळीस पेट्या चहा समुद्रात ओतला, तर तो काय टाळ्या वाजवणार?

"आणि कस्टमवाले काय बघत बसले होते?" त्यानं विचारलं.

"अब्बा, दॅट इज नॉट द पॉइंट," इक्रा म्हणाली.

इक्रा त्याची मुलगी, इंडियन स्कूलमध्ये दहावीला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होताहेत म्हणून शाळेनं भाषणाची स्पर्धा ठेवली होती आणि पंधरा दिवस घरात इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. नसरुद्दीन बापडा रोज संध्याकाळी श्रोता म्हणून बसायचा. मैमुना, त्याची बायको, सरकारी इस्पितळात नर्स. ती एकीकडे दुसऱ्या दिवसाच्या ड्युटीचे कपडे इस्त्री करत ऐकायची.

"मग पॉइंट काय?"

"कर. पार्लमेंट लंडनला. तिथे ह्यांचा एक माणूस नाही, पण कर ह्यांच्यावर. बाकीचे कर काढले तरी चहावरचा मुद्दाम ठेवला."

"जास्त होता?"

"नाही ना. उलट तो चहा स्वस्त होता. ईस्ट इंडिया कंपनीनं आणलेला, कर धरूनसुद्धा स्वस्त."

"ईस्ट इंडिया? म्हणजे आपल्याकडची?"

"तीच."

नसरुद्दीननं ग्लास खाली ठेवला. ज्या कंपनीनं हिंदुस्थानात कोणाला काही स्वस्त दिल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं, तिनं समुद्रापार स्वस्त चहा नेला, आणि ह्या लोकांनी तो पाण्यात घातला. "येडे होते," त्यानं निकाल दिला.

"स्वस्त होता म्हणूनच टाकला असेल," मैमुना इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली. इक्रानं आईकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचा भाग नसरुद्दीनला बराच पटला. त्या लोकांनी आधी अर्ज केले होते. शेवटचा अर्ज तर राजानं हातातसुद्धा घेतला नाही. तेव्हा मग त्यांनी जाहीर कागद काढला, त्यात तक्रारींची लांबलचक जंत्री, आणि तक्रारींच्या आधी एक गोष्ट ठणकावून सांगितलेली: माणसाचे हक्क राजा देत नाही, ते जन्माबरोबर येतात, सरकार ठेवायचं ते फक्त राखणीला.

"पण मी हेही बोलणार," इक्रा म्हणाली, "की हे लिहिणाऱ्यांनी बायकांना मोजलंच नाही. आणि कित्येकांच्या तर स्वतःच्या शेतावर गुलाम होते."

"शाब्बास! हे जोरात बोल. मोठ्या माणसांची चूक तोंडावर सांगायला हिंमत लागते."

मैमुनाची इस्त्री कॉलरवर जरा थांबली. नसरुद्दीनला ते दिसलं नाही. त्याला घरातलं पुष्कळसं उशिरानंच दिसायचं.

आता ह्या नसरुद्दीनची आणखी एक ओळख सांगायला हवी, कारण तो स्वतः ती सगळ्यात आधी सांगायचा. तो वेळकोंड जमातीच्या दम्माम शाखेचा सेक्रेटरी होता. वेळकोंड म्हणजे रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव. तिथली चाळीसेक माणसं दम्मामात होती. दर महिन्याला सगळे गावासाठी वर्गणी काढायचे, आणि तीन महिन्यांनी एका शुक्रवारी शहराबाहेरचा इस्तिराहा, म्हणजे विश्रामघर, भाड्यानं घेऊन तिथे जेवण आणि बैठक व्हायची. पुढच्या दालनात पुरुष बसून गावाचं भलं ठरवायचे, मागच्या दालनात बायका बसून सांदणं वाढायच्या. ह्या वेळच्या बैठकीत गावाच्या वेशीवरच्या कमानीचा नकाशा पास व्हायचा होता. संगमरवरी कमान, वर सोनेरी अक्षरं. नसरुद्दीनला ती कमान फार आवडली होती.

जमातीचा एक जुना रिवाज होता. गावचे पूर्वज जहाजांवर खलाशी होते. घरून पत्र आलं की वाचता येणारा एकच जण असायचा, आणि तो अडचणीच्या ओळी गाळतो असा बाकीच्यांना पक्का संशय. तेव्हापासून नियम पडला तो असा की, जमातीकडे आलेला कागद वाचणाऱ्यानं उभं राहून वाचायचा, एक अक्षर गाळायचं नाही, आणि वाचून होईपर्यंत कोणी, अगदी अध्यक्षांनीसुद्धा, तोंड उघडायचं नाही.

त्या शुक्रवारी जेवणं झाली, चहा फिरला, आणि टेबलावर पाण्याच्या भांड्याखाली एक बंद पाकीट सापडलं. नसरुद्दीन ऐटीत उभा राहिला. पाकीट फोडलं, अक्षर बघितलं, आणि कागद परत आत सारायला निघाला. वीस वर्षं वाणसामानाच्या याद्या ह्याच अक्षरात त्याच्या खिशात येत होत्या.

पण रिवाज म्हणजे रिवाज. त्यानं घसा साफ केला.

"'जमातीनं अकरा वर्षं आमची वर्गणी घेतली आणि एकदाही आमचं मत घेतलं नाही.

"'जमातीनं गावच्या दवाखान्याची खोली बांधली. बाळंतिणीची खाट कुठे असावी हे सहा पुरुषांनी ठरवलं. त्यातल्या दोघांची लग्नंसुद्धा झालेली नव्हती.'"

कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"'जमातीनं कमानीचा ठराव केला. त्याच महिन्यात तबस्सुमच्या वहिनीला रिक्षातून तालुक्याला नेताना वाटेत बाळ झालं. गावाला अँब्युलन्स हवी, हे आमच्यापैकी कोणीही सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

"'आमचा मागचा अर्ज सेक्रेटरींनी सवडीनं बघू म्हणून ठेवून घेतला. त्याला तीन वर्षं झाली.'" इथे नसरुद्दीननं मनातल्या मनात पुढे वाचून घेतलं. पुढची ओळ अजून वाईट होती, आणि गाळता येत नव्हती. "'तो अर्ज त्यांच्या घरी इकाम्याच्या परवान्यांच्या फाइलीत, पाठीमागच्या कप्प्यात आहे.'"

आता मात्र दालनभर हशा पिकला. नसरुद्दीनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्या जॉर्जच्या रांगेत आपण कधी जाऊन बसलो ते त्याला कळलंच नव्हतं. पण गंमत अशी की लाजेबरोबरच त्याच्या मनात दुसरंही काही उसळत होतं. आयुष्यभर तो कागदातली खोट शोधत आला होता, आणि ह्या कागदात त्याला एक खोट सापडत नव्हती.

"'बोलण्याचा हक्क जमातीनं आम्हाला द्यावा, असं आमचं म्हणणं नाही. तो आमचा आहेच. जमातीनं त्याच्या आड येऊ नये, एवढंच मागणं आहे. मैमुना, अस्मा, तबस्सुम.'"

तो खाली बसला. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्ष मुस्तफाचाचा हा मनानं मोठा माणूस. दम्मामला नवा आलेला वेळकोंडचा प्रत्येक पोरगा पहिला महिना चाचांच्याच खोलीत गादी टाकून झोपलेला. त्यांनी दाढी कुरवाळली.

"पोरी रागावल्यात," ते म्हणाले. "आणि त्यांचं काय चुकलं? नोकरी करायची, घर करायचं, वर वर्गणी. आजपासून बायकांची वर्गणी माफ! आणि मैमुनाला बसावंसं वाटलं तर पुढच्या बैठकीला माझ्या परवानगीनं येऊन बसू दे. यल्ला, कमानीचं घ्या."

"माशाल्ला!" मागच्या रांगेतला शारीक ओरडला. टाळ्या पडल्या. नसरुद्दीननं सुटकेचा श्वास टाकला. खलास, मिटलं. इतका उदार निकाल तर लंडनच्या पार्लमेंटनंसुद्धा दिला नसता.

तेवढ्यात मधलं दार उघडलं आणि मैमुना उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मागे अस्मा होती, तबस्सुम होती, आणि टाचा उंच करून बघणारी इक्रा.

"चाचा, तुम्ही आम्हाला बापासारखे," मैमुना म्हणाली. "पण माफी नको. वर्गणी आम्ही भरणार."

"अगो, तुमचेच पैसे वाचतायत ना!"

"म्हणून तर नको. आज वर्गणी सोडली की उद्या कोणीही विचारील, तुमचा जमातीशी संबंध काय? आणि तुमच्या परवानगीनं बसले, तर परवानगी गेली की उठायला लागेल. मला तशी खुर्ची नको."

आवाज चढला नव्हता. वॉर्डात एखाद्या हट्टी पेशंटला समजवावं तसं ती बोलत होती. आणि हातात कागद धरून बसलेल्या नसरुद्दीनच्या डोळ्यांपुढे बॉस्टनच्या धक्क्यावरच्या पेट्या धडाधड पाण्यात पडल्या. पहिल्यांदाच त्याला त्यांचं वाईट वाटलं नाही. येडे नव्हते ते लोक. येडा दम्मामात होता, आणि सवडीनं बघू म्हणत होता.

चाचांचा चेहरा उतरला. दिलेलं कोणी परत केलं की मोठ्या मनाच्या माणसालाही लागतंच. "मग सभासदांनी ठरवावं," ते जरा तुटकपणे म्हणाले. "मत घ्यायचं तर आधी हजेरी. सेक्रेटरी, वही काढा."

नसरुद्दीननं वही काढली. पहिल्या पानावर जमातीचे नियम होते. ते आता कोणी वाचत नसे. आज त्यानं वाचले, तेही उभं राहून, मोठ्यानं. "नियम पहिला. वेळकोंडचं जे माणूस वर्गणी भरतं, ते सभासद."

एवढंच लिहिलं होतं. पुरुष हा शब्द कुठेच नव्हता.

"पुढे वाचा," चाचा म्हणाले.

पुढे सभासदांची नावं होती, ज्या क्रमानं दम्मामला आले त्या क्रमानं. मैमुनाचं सतरावं, त्याचं अठरावं, कारण इथे ती आधी आली. दोन वर्षं एकटीनं नाइट ड्युट्या करून तिनं जम बसवला आणि मग तो आला. नऊ वर्षं सेक्रेटरी म्हणून हजेरी घेताना तो सोळावरून थेट अठरावर जात होता. तसं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आधीचा सेक्रेटरी तसं करायचा म्हणून तोही करायचा. कागदातलं अक्षर न गाळणाऱ्या माणसानं स्वतःची बायको गाळली होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तो एकेक नाव घेत गेला. हजर, हजर, हा सुट्टीवर गावी, हजर.

"सोळा. हाशिर."

"हजर."

नसरुद्दीन थांबला. त्यानं चाचांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती परवानगीच झाली असती.

"सतरा," तो म्हणाला. "मैमुना."

चाचा वहीकडे बघत राहिले, मग दाराकडे.

"हजर," मैमुना म्हणाली, उंबरा ओलांडून आत आली आणि पहिल्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

अँब्युलन्स की कमान, ह्यावर पुढे जे रणकंदन माजलं ते संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानपर्यंत चाललं. पण त्याच्या आधी वहीत अठरावं नाव होतं, आणि ते कोणी घेईना. नसरुद्दीन बायकोकडे बघत उभा होता. ती ताठ बसली होती, पर्स मांडीवर, डोळे समोर, आणि त्याला तिचा इतका अभिमान वाटत होता की हातातली वही तो विसरून गेला होता. हे माणूस माझ्या घरचं आहे, असं त्याला त्या चाळीस जणांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ते तर सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"अहो सेक्रेटरी," मुस्तफाचाचा म्हणाले, आणि आता त्यांच्या दाढीत हसू होतं, "अठरा नंबर गैरहजर मांडायचा काय?"

"नाही चाचा," नसरुद्दीन म्हणाला. "अठरा आत्ताच आलाय."