ओल्या पुठ्ठ्याचा वास

मित्रांनो, माझ्या बुडाशी १९७९ हे साल कोरलेले आहे. तेव्हा मी जुना आहे, हे वेगळे सांगायला नको. मी बीअरचा केग आहे, म्हणजे एकोणीस लिटरचे, स्टीलचे उभट पिंप. माझे झाकण लंबगोल आहे. कुकरच्या झाकणासारखे ते तिरके करून आत घालायचे, वर ओढायचे आणि खटका दाबायचा. त्याला रबरी रिंग आहे. डोक्यावर दोन तोट्या आहेत. एकीतून वायू आत येतो. दुसरीची नळी आतून थेट तळापर्यंत जाते.

पहिली अकरा वर्षे मी अमेरिकेतल्या डुलुथ शहरात हॉकीच्या मैदानावर होतो. माझ्यात सोड्याचा गोड पाक भरत. पुढे पाक पिशव्यांमधून येऊ लागला आणि मला एका शेडमध्ये ठेवण्यात आले. तिथे मी नऊ वर्षे होतो. त्या वर्षांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

तिथून मला रेइनो कांगासने उचलले. तो लोहखनिजाच्या धक्क्यावर कामाला होता आणि घरी बीअर बनवत असे. त्याने मला चार दिवस गरम पाण्यात बुडवून ठेवले. रोज तो नाक आत घालून पाकाचा वास गेला का ते बघायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "गेला." त्याच्या नाकावर सगळ्यांचा भरवसा होता. जिल्ह्याच्या जत्रेत त्याच्या बीअरला तीनदा पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. त्या फिती तळघराच्या खिळ्यावर अजून आहेत.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याला ताप आला. पाच दिवसांनी ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाहीही. बायकोच्या, मार्लिसच्या, वेलचीच्या पावाचा वास नाही, डिझेलचा नाही, कशाचाच नाही. रेइनोने त्याची चर्चा केली नाही. बीअर मात्र थांबवली नाही. "नाक गेलंय, हात नाही गेलेले," एवढेच तो मार्लिसला म्हणाला.

मित्रांनो, तयार बीअर आंबवणीच्या टाकीतून माझ्यात भरणे हे नाजूक काम आहे. हवेतला प्राणवायू बीअरला मारतो. आठ-दहा दिवसांत तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून रेइनो मला आधी जंतुनाशक पाण्याने काठोकाठ भरायचा. मग कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ते सगळे पाणी बाहेर ढकलायचा. आत हवेचा अंशही उरत नसे. मग टाकीतली बीअर एका नळीतून माझ्या तळाशी उतरायची आणि माझ्यातला वायू दुसऱ्या नळीतून टाकीत परत जायचा. बीअरला खोलीतली हवा शिवतच नसे. मी किती भरलो ते तो माझ्या अंगावर साचलेल्या दवाच्या रेषेवरून ओळखायचा. हे सगळे तो अजूनही चूक न करता करत होता.

तरीही बीअर नासत होती.

दर गुरुवारी चार वाजता त्याचा मित्र गॉर्डी लिंडक्विस्ट तळघरात येई. तीस वर्षे दोघांनी एकाच धक्क्यावर काम केलेले. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी त्याने घोट घेतला आणि ग्लासकडे बघत राहिला.

"कशी आहे?" रेइनोने विचारले.

"वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे वेगळी. माझ्या मेहुणीची टोपी असते ना, तशी."

रेइनो हसला. त्या भागात कुणी कशाला वाईट म्हणत नाही, वेगळे म्हणतात. ते रेइनोलाही ठाऊक होते. पण त्या दिवशी त्याने ते ऐकले आणि सोडून दिले. तो चीज आणायला वर गेला, तेव्हा गॉर्डीने ग्लास कपडे धुण्याच्या मोरीत ओतला. पुढच्या गुरुवारीही ओतला. एप्रिल संपेपर्यंत मी असे बावीस ग्लास मोजले.

गॉर्डीची मुलगी क्रिस्टा जूनमध्ये लग्न करणार होती. तिने आजारपणाच्या आधीच रेइनोकडून शब्द घेतला होता, की माझ्या लग्नात तुझीच बीअर. दीडशे माणसे येणार होती. गॉर्डीने मार्लिसला जिन्याजवळ गाठले.

"त्याला सांगायला हवं."

"मग सांग."

"तू सांग. तू बायको आहेस."

"मी बीअर पीत नाही. मला कॉफीतलं कळतं."

"चव घेऊन बघ एकदा."

"एकोणचाळीस वर्षं नाही घेतली, आता तुझ्यासाठी घेऊ? तू मित्र आहेस त्याचा."

"म्हणून तर जमत नाही ना!"

दोघांनीही सांगितले नाही. त्यानंतरच्या गुरुवारी रेइनो वर गेला आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परतला. गॉर्डीचा हात मोरीवर होता. ग्लास उलटा होता.

कुणी आवाज चढवला नाही. रेइनोने चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"कसली चव येते?"

"पुठ्ठा," गॉर्डी म्हणाला. "पावसात राहिलेला."

"लग्नात देणार होतास?"

"मला वाटलं, तोवर तुला कळेल."

"कशानं कळणार होतं?"

रेइनोने माझी तोटी उघडून उरलेली बीअर स्वतःच मोरीत सोडली. मला काही वाटले नाही. त्यालाही काही वाटत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. शेवटी वायूचा फुसकारा झाला आणि त्याने तोटी बंद केली.

टाकीत नवी बीअर तयार होती. शनिवारी सकाळी गॉर्डी आला आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"मी नुसता बघतो. चूक कुठे होते ते शोधू."

"चूक होत नाही."

"बरं. मग न झालेली चूक बघतो."

त्याने सगळे पाहिले. पाणी भरले, पाणी ढकलले, दोन्ही नळ्या लागल्या, दवाची रेषा चढत खांद्यापर्यंत आली. गॉर्डीला खोट सापडली नाही. माझी रिंगही नवी होती. दोघे कॉफीला वर गेले. थोड्या वेळाने रेइनो "आलोच" म्हणून खाली आला. गॉर्डी त्याच्या मागोमाग आला, आणि जिन्यावरच थांबला.

रेइनोने झाकणावरची कडी ओढून माझा दाब सोडला. खटका उचलला. झाकण तिरके करून बाहेर काढले आणि नाक आत घातले. डोळे मिटून तो तसाच वाकून राहिला.

"अरे, हे काय करतोस?"

"वास बघतो."

"रोज?"

"सकाळी आणि संध्याकाळी."

"रेइनो! एवढ्या नळ्या लावून हवा बाहेर ठेवायची आणि मग दिवसातून दोनदा दार उघडून तिला आत बोलवायचं?"

"झोंबतं नाकाला," रेइनो म्हणाला. "आधी काहीच व्हायचं नाही. आता झोंबतं. म्हणजे येतंय परत."

गॉर्डी खाली आला. त्याने माझ्या तोंडाशी वाकून एक श्वास घेतला आणि झटक्यात मागे सरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"तो वायू आहे रे. सगळ्यांनाच झोंबतो. त्याला वास म्हणत नाहीत."

बीअर नासते हे आधी कुणी सांगितले असते, तर हे झाकण उघडणेही आधीच बंद झाले असते. मग त्याने झाकण बसवले, खटका दाबला, आणि आत शिरलेली हवा काढण्यासाठी वायू दहा वेळा भरला आणि दहा वेळा सोडला. गॉर्डी मोजत होता.

त्यानंतर सहा आठवडे झाकण उघडले नाही. सकाळ-संध्याकाळ तो खाली यायचा, माझ्या खटक्यावर हात ठेवायचा, थोडा वेळ थांबायचा आणि वर जायचा.

लग्नात मी चार वाजायच्या आत रिकामा झालो. गॉर्डीच्या मेहुणीने तीन ग्लास घेतले. वेगळी आहे असे कुणी म्हटले नाही. रेइनो एक ग्लास प्यायला. तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा होता, आणि पिताना लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी गॉर्डीने मला तळघरात परत आणले. रेइनोने कडी ओढली आणि झाकण उघडले. आता उघडायला हरकत नव्हती. तो वाकला, झोंबले, डोळे पुसले. मग बाजूला सरला.

"तू बघ. आणि सांग."

गॉर्डीने डोके घातले. "चांगला आहे."

"तसं नको. काय येतं ते सांग."

"मला बोलता येत नाही तसलं."

"पुठ्ठा आला तेव्हा आलं होतं की बोलता."

गॉर्डी पुन्हा वाकला. "पाव. राय धान्याच्या पावाची कडा, जराशी जळलेली. आणि मध... नाही, मध नाही. गवत. तुझ्या वडिलांच्या सौनाच्या न्हाणीघरामागं कापून टाकलेलं असायचं, तसलं. दुपारचं."

"पुठ्ठा?"

"पुठ्ठा नाही."

रेइनोने मान हलवली. फितींच्या खिळ्याकडे बघत तो म्हणाला, "परत सांग. सावकाश."

मित्रांनो, मला नाक नाही, म्हणून मी या बाबतीत मत देऊ शकत नाही. माझे मागणे साधे आहे. माझी रिंग वर्षातून एकदा बदला. वापर झाला की मला गरम पाण्याने धुऊन पालथे ठेवा. मी भरलेला असताना, मन कितीही ओढले, तरी झाकणाला हात लावू नका. आणि तुमच्या कुणाचे नाक गेले असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहून काय येते ते सांगा, जसे येते तसे. गॉर्डी त्या दिवशी माझ्यात सात वेळा वाकला.