ब्रिजितच्या गुडघ्यांखालचा पाट

मी एक पाट. जेवायला बसायचा नव्हे, प्रार्थनेला गुडघे टेकायचा. १९८८ साली उत्तनच्या किनाऱ्यावर एका होडीची सागवानी फळी उरली, तिच्यातून इनास सुताराने मला घडवलं. लग्न होऊन ब्रिजित त्याच्या घरात येणार होती. गार लादीवर तिचे गुडघे दुखू नयेत, एवढाच त्याचा विचार.

रोज संध्याकाळी दोघं येशूच्या तसबिरीपुढे बसत. ती माझ्यावर, तो लादीवर. माणसं देवाकडे भराभरा मागतात. ब्रिजित आधी आभार मानायची, मग मागायची.

चार वर्षांनी किनाऱ्यावर होडी ओढताना ओंडका निसटला आणि इनासचा उजवा हात चिरडला. बोटं पुन्हा मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ज्याने कधी दारूला हात लावला नाही, कुणाचं काम अर्धं टाकलं नाही, त्याच्याच वाट्याला हे आलं. भेटायला आलेले म्हणत, देव परीक्षा बघतो. ब्रिजितने सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर मला उचललं आणि पडवीत सुकटीच्या पिंपाखाली सारलं.

दोन वर्षं मी तिथे होतो. ब्रिजित सुकट विकायला भाईंदरच्या बाजारात जायची, पण चर्चमध्ये पाय टाकेना. इनास एकटाच रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला जाई. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना त्याला उशीर होई, तरी ती मदतीला उठत नसे. एवढं होऊनही तो देवाकडे जातो, याचा तिला राग; कामापुरतं सोडलं तर ती त्याच्याशी बोलतही नव्हती.

एका दुपारी ती बाजारातून लवकर परतली. इनासने मला बाहेर काढलं होतं. पडवीतल्या ओलीने माझी कड कुजली होती. मला पायांत धरून तो डाव्या हाताने रंधा मारत होता.

ती दारातच थांबली. म्हणाली, "रोज मागतोस ना त्याच्याकडं? दिला का हात?"

"हाताचं मागणं कवाच सोडलंय," इनास खाली बघत म्हणाला. "तू माज्याशी बोलावंस, येवढंच मागतंय."

ब्रिजितने डोक्यावरची टोपली उतरवली. मग अर्धवट तासलेल्या माझ्यावरच गुडघे टेकले.

"देवा, मी तुज्यावर रागावलीय," ती म्हणाली. "ह्यानं तुजं काय वाईट केलं हुतं?"

पुढे बराच वेळ नुसतं रडणं. इनासने तिला गप्प केलं नाही. शेजारी बसून राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा आली, पुन्हा भांडली. असे कितीतरी दिवस. मग एकदा भांडण संपलं तरी ती माझ्यावर तशीच टेकून राहिली. तिचं अंग हलकं झालेलं मला कळलं. त्या रविवारी तिने इनासची बटणं लावली आणि दोघं मिस्साला गेली.

हात बरा झाला नाही. इनास पुन्हा होडी बांधू शकला नाही. डाव्या हाताने वल्ही तासायला मात्र शिकला.

आता १९९८ उजाडलंय. माझी एक बाजू झिजलीय. काल बाजारातली सुगंधा घरी आली होती. तिची तरुण लेक गेल्या महिन्यात तापाने गेली. सुगंधा स्वतः कधी चर्चला गेलेली नाही. तसबिरीकडे बघत तिने विचारलं, "मी बसले तर चालंल?"

ब्रिजितने मला तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतः लादीवर बसली.

"बस. गोड बोलू नको," ती म्हणाली. "जे हाय ते सांग. तो ऐकतंय."

माझं मागणं एवढंच. कुणी देवावर रुसून तुमच्या दारी आलं, तर त्याला शिकवू नका. बसायला जागा द्या.